समुपदेशक फेब्रुवारीत नको, टोळ्या निघतात तेव्हा हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा तोंडावर आली की तुमच्या अंकात एक चौकट येते. मुलांचा ताण हलका व्हावा म्हणून शिक्षण मंडळानं नेमलेल्या समुपदेशकांचे मोबाइल नंबर त्यात असतात. मी ती चौकट कात्रीनं कापते, पुठ्ठ्यावर चिकटवते आणि शाळेच्या सूचनाफलकावर लावते. यंदाही लावीन. पण त्या चौकटीची वाट न बघता हे पत्र दसऱ्याच्या आधीच लिहिते आहे, कारण आमच्या मुलांचा कठीण काळ फेब्रुवारीत सुरू होत नाही. तो ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा सुरू होतो.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीला 22 वर्षं झाली. पाचवी ते दहावी मिळून पटावर 340 मुलं आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांतले आईबाप ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती अंगावर असेपर्यंत 'यंदा नाही जात' म्हणायची सोय नसते. दसरा उलटला की ट्रॅक्टर यायला लागतात. कुणाची टोळी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणाची कर्नाटकात. रात्री दहा-अकराला ट्रॉल्या भरायला घेतात. खाली पत्रे आणि बांबू, त्यावर धान्याची पोती, भांडी, गोधड्या, सगळ्यात वर कोंबड्यांची डालगी. अंगावरची लेकरं आईबरोबर जातात. शाळेत नाव असलेली मागं म्हातारीजवळ राहतात. पहाटे ट्रॅक्टर घाट उतरला की गाव एकदम गप्प होतं. त्या दिवशी मी हजेरी घेते तेव्हा 'यस मॅडम' इतकं बारीक येतं की एकेक नाव दोनदा घ्यावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी नववीत एक मुलगी होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. विज्ञानाच्या वहीत ती आकृत्या अशा काढायची की मी ती वही दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर सोमवारी चौथ्या तासाला ती बेंचवर डोकं टेकायला लागली. 'काय होतंय गं?' 'पोट दुखायलंय मॅडम.' पहिल्यांदा मला वाटलं पाळी असेल. पाळी दर सोमवारी येत नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले.

सोमवारी शाळेत निळी गोळी देतात. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी द्यायची, अशी ती योजना आहे आणि ती फार गरजेची आहे. आमच्या मुलींची खालची पापणी ओढून बघा, आत लाली दिसत नाही. पण ही गोळी जेवणावर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात कळा येतात. आता शाळेतला हिशोब बघा. पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतच्या मुलांना. नववी-दहावीला खिचडी नाही, गोळी मात्र आहे. ही मुलगी पहाटे चारला उठून हापशावरून पाणी आणायची, भाकरी थापायची. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. आधी दोन धाकट्या भावंडांना वाढायचं, मग आजीला, उरलं तर स्वतःला. सहावी-सातवीतली ती भावंडं दुपारी शाळेत खिचडी खायची. आणि ही, सकाळपासून पोटात काही नसलेली, माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळायची आणि मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं बरोबरची खूण करायचे.

हे तिच्या तोंडून निघायला दीड महिना लागला. आमच्या शाळेत एखाद्या मुलाशी एकट्यानं बोलायला जागाच नाही. स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी वह्या तपासत बसलेलं असतं, ऑफिसात लिपिक असतात. मी तिला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं मोडके स्टँड, बरणीतला बेडूक, पोषण आहाराची रिकामी पोती. दाराला कडी नव्हती, म्हणून आतून स्टूल लावलं. पहिल्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही, बीकरवरची धूळ बोटानं पुसत राहिली. दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, 'मॅडम, नववी नापास झालं तर परत नववीतच बसवतात का?' मी म्हटलं, 'तू कशाला नापास होशील? वेडी कुठली!' ती मान हलवून निघून गेली. मला वाटलं, मी तिला धीर दिला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक आहे, हे मला माहीत होतं. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यातली ही सोय. तपासणी मोफत, बोलायला समुपदेशक. पण दवाखान्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. तिच्याकडं अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास होता, तो वाडी ते शाळा एवढ्यापुरताच. तिकिटाला पैसे कुणाकडं मागायचे आणि का जातेय म्हणून सांगायचं? शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आजीला 'रक्त तपासून आणते' असं सांगितलं आणि माझ्या स्कूटीवर तिला नेलं. अंतर 18 किलोमीटर.

तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं आणि पाऊण तास तिच्याशी बोलल्या. मी बाहेर बाकड्यावर. हिमोग्लोबिन अवघं 7.8 निघालं. ती बाहेर आली तेव्हा रडून डोळे सुजले होते, पण येताना स्कूटीवर मागं बसून ती सलग बोलत होती. वारा असल्यामुळं मला अर्धंच ऐकू येत होतं, म्हणून मी गाडी हळू घेतली. मामानं स्थळ आणलं होतं. टोळी परत आली की एप्रिलची तीथ धरायची. मुलगाही ऊसतोडीलाच जाणारा. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की जोडी होते आणि जोडीला पूर्ण कोयत्याची उचल मिळते. नववी पास झाली की शाळा पुरे, असं घरात ठरलं होतं. नापास झालं तर परत नववीत बसवतात का, हे तिनं का विचारलं होतं ते मला घाटाच्या वळणावर समजलं. तिला शाळेत आणखी एक वर्ष हवं होतं. त्यासाठी ती नापास व्हायला तयार होती आणि मी तिला वेडी म्हणून परत पाठवलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या 40 हून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. या आकड्यामागं कोयत्याचा हा हिशोब आहे. प्रभातफेरी काढून तो मोडत नाही.

मार्चअखेर टोळी परतली. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून ते पान फाडून माझ्या हातात दिलं. मी मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन केला. ग्रामसेवक हेच गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, ते आले, पोलीस आले. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं हमीपत्र वडिलांकडून लिहून घेतलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि कागदावर प्रकरण मिटलं. घरात मात्र पंधरा दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. वार्षिक परीक्षेला ती आली तेव्हा मैत्रिणी सरकून बसल्या, कारण 'हिनं दारात पोलीस आणले'. तिचे चुलते रस्त्यात मला बघून थुंकले, ते मी सोसलं. 15 वर्षांच्या मुलीनं ते कसं सोसायचं? लग्न थांबवायला यंत्रणा होती. थांबवल्यानंतर त्या मुलीजवळ बसायला कुणी नव्हतं. मैत्री क्लिनिकच्या बाईंनी 'पुढच्या आठवड्यात ये' म्हटलं होतं. पुढचा आठवडा आलाच नाही, कारण मला दुसरी रजा मिळाली नाही.

शाळेत तक्रारपेटी आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही आहे. मार्च 2022 च्या शासन आदेशानं ती स्थापन झाली आणि मी तिची सदस्य आहे. पेटी आम्ही महिन्यातून एकदा उघडतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पाच चिठ्ठ्या निघाल्या. तीन चिठ्ठ्यांत मुलींच्या संडासाची कडी तुटल्याचं लिहिलं होतं. एक गणिताच्या बुडणाऱ्या तासाबद्दल होती. पाचवी चिठ्ठी आलेख कागदाच्या फाडलेल्या कोपऱ्यावर, शिसपेन्सिलीनं लिहिलेली: 'मला फळ्यावरचे दिसत नाही. तपासणीत लिहून दिले होते. आजी म्हणते चष्मा लागला तर लग्न जमत नाही. नाव लिहीत नाही.' अक्षर मी ओळखलं. पहिल्या बाकावर बसूनही शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणारी मुलगी. मला ती आळशी वाटायची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका, औषध निर्माण अधिकारी गाडी घेऊन येतात, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, दात, डोळे, कान, त्वचा, हृदय बघतात. आमच्याकडं आलेलं पथक मनापासून काम करतं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका दिवसात दीडशे-दोनशे मुलं बघून ते पुढच्या गावाला जातात आणि संदर्भचिठ्ठी शाळेजवळ राहते. चिठ्ठीवर पालकाचं नाव असतं. पालक उसाच्या फडावर. या मुलीची चिठ्ठी पाच महिने आमच्याच फायलीत होती. संडासाची कडी शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी 60 रुपयांत बसवली. चष्मा, जो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, तो नाकावर यायला दिवाळी उजाडली आणि तोही मी तिच्या मावशीला तीनदा जाऊन भेटले तेव्हा.

मुलग्यांबद्दल तर कुणी बोलतच नाही. मुलीला त्रास असला की ती बेंचवर डोकं टेकते. मुलगा उशिरा येतो, उलट बोलतो, मारामारी करतो आणि त्यावर आमच्याकडं एकच औषध असतं. काही वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा डिसेंबरभर रोज पहिल्या तासाला उशिरा यायचा. तोंडाला तंबाखूचा वास. एक दिवस मी त्याला वर्गासमोर उभं करून खिसे रिकामे करायला लावले. त्यानं तंबाखूची पुडी टेबलावर ठेवली, घराची किल्ली ठेवली आणि तापाच्या गोळ्यांची एक अर्धी पट्टी ठेवली. मी पुडी बघितली. पट्टीकडं माझं लक्ष गेलं नाही. त्याचा आजा अंथरुणाला खिळला होता, रात्रभर त्याचं सगळं हा पोरगा करायचा. तंबाखूनं झोप उडते आणि भूक मरते, असं थोरल्या पोरांनी त्याला सांगितलेलं. हे मला शिपाईमामांकडून कळलं, तोवर त्यानं शाळेत येणं बंद केलं होतं. जानेवारीत आजा गेला आणि मुलगा वडिलांकडं फडावर गेला, अर्धा कोयता म्हणून. त्याचं हॉलतिकीट आमच्या कपाटात राहिलं.

हे माझ्या हातून झालं आहे. नाव झाकून का होईना, ते छापून यावं असं मला वाटतं, कारण प्रत्येक प्रशिक्षणात एक वाक्य ऐकू येतं: 'शिक्षक हाच खरा समुपदेशक.' मला ते मान्य नाही. मूल सुकलंय हे ओळखणं, त्याला चारचौघांत न दुखावणं, योग्य माणसापर्यंत नेणं, हे आमचं काम आणि ते आम्ही केलंच पाहिजे. पण ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्याजवळ मूल मनातलं काढत नाही. त्यात आम्ही इथलेच. कुणी त्या मुलाच्या भावकीतलं, कुणाची सासुरवाडी त्याच आळीत. दुपारी सांगितलेलं संध्याकाळी पारावर पोचेल ही भीती मुलांना असते आणि ती खोटी नाही. आमच्या मुलांना बाहेरून येणारं, ऐकून घ्यायला शिकलेलं, बोलून झाल्यावर एसटीनं परत जाणारं माणूस हवं आहे.

कायद्याचीही बाजू आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कुणाही माणसावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. ते असायलाच हवं. पण एखादी मुलगी 'कुणाला सांगणार नाही ना?' असं विचारून मगच तोंड उघडते, तिला काय उत्तर द्यायचं? मी वर्षानुवर्षं 'नाही सांगणार' म्हणत आले. मैत्री क्लिनिकच्या बाईंनी मला त्या दिवशी बाकड्यावर बसून शिकवलं की असं वचन द्यायचंच नाही. बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचं, 'तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार आहे, ते आधी तुला सांगीन.' मुलं याला नको म्हणत नाहीत. उलट त्यांना बरं वाटतं, हे मी नंतर स्वतः अनुभवलं. 20 वर्षांच्या नोकरीत हे साधं वाक्य मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातला तो निकाल. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. निकालपत्रात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांचा आधार आहे: 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला. राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता.

आमच्या शाळेत 340 मुलं आहेत, म्हणजे आम्ही त्या 100 च्या अटीत बसतो. पण अनुदानित शाळेत माणूस येतो तो संचमान्यतेतून, म्हणजे पटसंख्येवरून सरकार जी पदं मंजूर करतं त्यातून. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई अशी ठरलेली पदं त्यात मोजली जातात. समुपदेशक हे पद तिथं नाही, त्यामुळं मुख्याध्यापकांनी मनात आणलं तरी ते पगार कुठून काढणार? संस्थाचालकांकडं खडूचे पैसे मागायला आम्हाला दोनदा जावं लागतं. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट आहे. म्हणजे शहरात फी भरून शिकणाऱ्या मुलाला हे माणूस मिळू शकतं आणि दिवाळीपासून एप्रिलपर्यंत आईचं तोंड न दिसणाऱ्या मुलाला मिळत नाही.

न्यायालयानं हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायलाही सांगितलं आहे. ते काम मला करता येण्यासारखं होतं म्हणून लगेच केलं. पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर ऑइल पेंटनं दोन नंबर लिहिले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098. रंग वाळायच्या आत सातवीतल्या एकानं विचारलं, 'मॅडम, फोन कुठून लावायचा?' घरातला मोबाइल वडिलांबरोबर फडावर गेलेला असतो. मागं राहिलाच तर आजीजवळ एक साधा फोन, तोही एका खोलीत, जिथं सगळेच झोपतात. हे दोन्ही नंबर मोलाचे आहेत, 1098 नं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. पण तो मी लावला होता, त्या मुलीनं नाही.

प्रत्येक शाळेला पूर्णवेळ माणूस उद्या मिळणार नाही, हे मला समजतं. तोवर चार-पाच शाळांना मिळून एक समुपदेशक द्या, पण त्याचा वार ठरलेला असू द्या. आमच्या शाळेत मंगळवार म्हणजे मंगळवार. मूल एखादी गोष्ट आठवडाभर मनात धरून ठेवतं आणि त्या दिवशी ते माणूस आलं नाही तर परत आत ढकलतं. नेमणूक जूनमध्ये व्हावी. कंत्राटी माणूस जानेवारीत हजर होतो आणि एप्रिलमध्ये त्याचा करार संपतो, असं होऊ नये, कारण आमच्या मुलांना त्याची गरज ऑक्टोबरात लागते आणि त्याआधी त्यांना त्याची ओळख झालेली असली पाहिजे. माणसं मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. समाजकार्याची पदवी घेतलेली, मानसशास्त्रात एम.ए. झालेली कितीतरी पोरंपोरी आमच्याच जिल्ह्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये बसून आहेत. आणि हे राज्याला नवीनही नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा आशाताईंमार्फत घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधायची आणि त्यांना समुपदेशकापर्यंत न्यायची व्यवस्था उभी केलीच होती. त्याच घरांतली मुलं आमच्या वर्गात बसतात.

बाल स्वास्थ्य तपासणीची संदर्भचिठ्ठी शाळेच्या फायलीत न ठेवता तिचा पाठपुरावा कुणा एकाच्या नावावर टाकावा. आमच्या भागातल्या पथकानं दुसरी फेरी डिसेंबरात घ्यावी. आणि नववी-दहावीच्या मुलांना खिचडी मिळावी. मोठ्या योजनेला वेळ लागेल, म्हणून आम्ही सात शिक्षकांनी वर्गणी काढून गेल्या वर्षीपासून सोमवारी गोळीच्या आधी प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायला सुरुवात केली आहे. 'पोट दुखायलंय' म्हणणारी मुलं आता दोन-तीनच राहिली आहेत. एवढ्याशा गोष्टीनं इतका फरक पडतो, हे बघून मला आनंद होण्याऐवजी आधीच्या वर्षांचं वाईट वाटलं.

प्रयोगशाळेमागची खोली आम्ही उन्हाळ्यात रिकामी केली. शिपाईमामांनी चुना मारला, दाराला आतून कडी बसवली. दोन खुर्च्या आहेत, पाण्याचा माठ आहे. सध्या तिथं मीच बसते, आठवड्यातून एक तास, मधल्या सुट्टीला लागून. मुलं येतात, पण मला बघून अर्ध्यातच थांबतात. त्यांचं काही चुकत नाही.

ज्या मुलीबद्दल लिहिलं ती दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. आता तालुक्याला अकरावी सायन्सला आहे. कॉलेजपासून मैत्री क्लिनिक चालत दहा मिनिटांवर आहे आणि ती अधूनमधून तिथं जाऊन बसते, असं गणपतीत भेटली तेव्हा तिनं सांगितलं. तिची धाकटी बहीण या जूनमध्ये नववीत आली. तिची खिचडी बंद झाली आहे. आईबापांनी यंदाची उचल घेतली आहे, दसऱ्यानंतर चार-आठ दिवसांत त्यांचा ट्रॅक्टर येईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
जि. बीड